मामांच्या पोटाकडे बघताना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नर्सिंगला नंबर लागला तेव्हाच वडिलांनी फुलंब्रीत सगळ्यांना सांगून टाकलं, की पोरगी सिस्टर झाली. सुट्टीत घरी गेले की शेजारच्या मावश्या मला बघून आपोआप जीभ बाहेर काढायच्या. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला नापास होऊन चालणार नव्हतं. एवढ्या जिभा परत आत कशा घालायच्या?

परीक्षा संभाजीनगरच्या एका दवाखान्यात, वॉर्डातच होती. मला मिळालेले पेशंट म्हणजे पाचोडकडचे एक मामा. बीपी वाढलेलं, पायांवर सूज, जेवण बिनमिठाचं. त्यांचा ताप, नाडी, श्वास, बीपी बघून परीक्षक मॅडमना सांगायचं. मॅडम पलंगाच्या पायाशी उभ्या.

श्वास मोजण्यात एक मेख आहे. पेशंटला सांगायचं नसतं. ‘श्वास मोजते’ म्हटलं की माणूस फोटोला बसल्यासारखा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, आणि डोळ्यांनी छाती-पोटाची वरखाली मोजायची, पूर्ण एक मिनिट. शिकवणाऱ्या मॅडमनी हे आमच्याकडून एकमेकींवर इतकं घोटून घेतलं होतं, की मैत्रिणीनं प्रेमानं हात धरला तरी आम्हाला संशय यायचा. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नाडी छान मिळाली. मग मी मनगट तसंच धरून गप्प, नजर मामांच्या पोटावर.

मामांनी माझी नजर पाहिली. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

“कळलं व्हय, ताई?”

मी बोलले नाही. आकडा चुकला असता.

त्यांच्या गावाकडचे एक वैद्य म्हणे नुसती नाडी धरून माणसानं काय खाल्लं ते सांगायचे. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की मामांना घाम फुटलाय.

“थोडी शेव खाल्ली,” ते हळूच म्हणाले.

माणूस बोलत असला की श्वास मोजता येत नाही. मी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा गप्प, पुन्हा पोट.

“बरं, थोडी नाय. पुडाच खाल्ला.”

पुन्हा पहिल्यापासून.

“अन् खारे दाणे. पण मूठभरच, आईशप्पथ!”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. माझीच नाडी माझ्या कानात वाजत होती. “मामा, जरा शांत पडा ना,” मी काकुळतीनं म्हणाले.

“अजून काय दिसतंय?” मामा रडकुंडीला आले. “लोणचं दिसलं? लई बारकी फोड होती हो!”

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे मामी, पाण्याची बाटली भरून घेऊन आल्या.

“लोणचं? कुठनं आलं लोणचं? आवं, तुमच्यासंगं मी बी बिनमिठाचं गिळते, अन् तुमी लोणचं चाटता? पाय बघा, केळीचे खांब झालेत!”

मामांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. मामी बोलत असताना निवांत पडून राहायची सवय संसाराइतकीच जुनी असावी. पोट संथपणे वरखाली होऊ लागलं. मी मनातल्या मनात मामींना हात जोडत मोजत गेले. मिनिटभरात मामी एकदाही थांबल्या नाहीत. त्यांचा श्वास मात्र मला मोजता आला नसता.

“अठरा. नियमित,” मी मॅडमना म्हणाले. “आणि पोटात मीठ गेलंय, ते वॉर्डच्या सिस्टरना सांगायला हवं.”

मॅडमनी पण मोजले होते. “अठराच,” त्या हसू दाबत म्हणाल्या. “पास. पण आधी मिठाचं यांना नीट समजावा.”

मिठानं अंगात पाणी कसं साठतं, सूज कशी वाढते, ते मी मामांना सांगितलं. त्यांनी मुकाट ऐकलं. मग विचारलं, “म्हंजी नाडीत काय दिसत नव्हतं?”

“नाही, मामा.”

“मंग मी उगंच सांगितलं!”

“हळू बोला,” मामींनी दटावलं. “समोरच्या पलंगापाशी बसलेल्या बाई ताईंना बोलावतात. त्यांच्या मालकानं बिडी ओढली का, ते नाडीत बघायचंय.”

मी वळून पाहिलं. मालकांनी दोन्ही हात पांघरुणात घातले होते.