गोंदणाची जागा

दत्तू पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता, कुणी न शिकवता, चेहरे रंगवायला लागले. आमच्या गावात वारलेल्या माणसाचं चित्र त्यांच्याकडूनच करून घेतात. त्या दुपारी मी तिथं असताना सुशीलाबाई आईचं चित्र बघायला आल्या. आईचा एकही फोटो नव्हता. म्हणून दत्तूभाऊंनी मागे सुशीलाबाईंनाच समोर बसवून त्यांची आई काढली होती.

"नाक तुमचंच ठेवलंय. रंग तेवढा उजळ केला."

"बरं केलंत. सगळं मला दिलं, रंग तेवढा तिनं स्वतःकडं ठेवला," बाई हसल्या. मग बघत राहिल्या. "हीच माझी आई."

"हनुवटीवर गोंदण होतं म्हणाला होतात. कुठल्या बाजूला देऊ?"

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी डोळे मिटले.

"भाऊ, डोळे मिटले तरी आता हीच दिसते. हिला गोंदण नाही."

चित्रानं आठवण राहते, असं आपण म्हणतो. पण एका माणसाचे दोन चेहरे मनात मावत नसावेत.

भाऊंनी कुंचला ठेवला आणि चित्र भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सुशीलाबाई डोळे मिटून तशाच बसून राहिल्या.