आमचा नारळ दुसऱ्याच्या गाडीला

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही. सकाळी पनवेलच्या शोरूममधून घरातली पहिली गाडी घेतली आणि आईने पूजा केली भलत्याच गाडीची!

चूक तिची नाही. या कंपनीच्या लहान-मोठ्या सगळ्या गाड्यांचं तोंड हल्ली एकसारखंच. तीच जाळी, तेच बारीक दिवे. दारात दोन पांढऱ्या गाड्या हार घालून उभ्या. मी आत सह्या करत होतो. बाहेर येऊन बघतो तर आईने शेजारच्या मोठ्या मॉडेलवर कुंकवाचं स्वस्तिक काढून नारळही फोडलेला!

मी ओशाळून पुसायला धावलो. त्या गाडीच्या मालकीणबाई उरणकडच्या. म्हणाल्या, "नको पुसू रे. आईच्या हातचं हाय, राऊ दे." आणि स्वतःचा नारळ त्यांनी आमच्या गाडीसाठी आईला दिला.

परतताना मी आईला फरक सांगत सुटलो. त्यांना अलॉय चाकं, आपल्याला प्लास्टिकच्या टोप्या. त्यांच्या टपावर चकचकीत रेल, आपला टप बोडका.

आई म्हणाली, "आमी तोंड बघून ओवालतो. टप कोन बघतं?"

विचुंब्यात आमचं घर चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून गाडीचा फक्त टप दिसतो. दुपारपासून सारखा गॅलरीत जातोय, येतोय. आई मात्र दोनदा जिने उतरून गाडीचं तोंड बघून आली.

खरं सांगा, नवी गाडी घेतल्यावर तुम्ही कुठून बघत होतात?