शून्य बघायला आलेला माणूस

सन त्रेपन्न. माझं वय सव्वीस. उल्हासनगरच्या एका बराकीत मी विक्रीकराची नोटीस घेऊन बसलो होतो, आणि समोरचा माणूस ती नोटीस हातात घ्यायचं सोडून भाजलेला पापड माझ्यापुढे करत होता.

"पहले पापड खाओ, साईं. पाणी पियो. गुन्हा बाद में."

मी म्हटलं, मी गुन्हा केलेला नाही. तो म्हणाला, इथे येणारा हरेक जण तेच म्हणतो, म्हणून तर पापड जास्त लागतात.

बाहेरून आलेल्या माणसाला सिंधी घरात आधी पापड-पाणी देतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हा फी वाढवायचा रस्ता असेल. मी पापड खाल्ला नाही. तोही हलला नाही. शेवटी मी पापड खाल्ला, तेव्हा त्याने नोटीस घेतली. हट्टाला हट्ट भेटला की कसं होतं ते तुम्ही पाहिलं असेल.

फाळणीत शिकारपूरहून आलेला माणूस. पन्नाशीचा, पांढरा पायजमा, गोल काचांचा चष्मा, ऊन असो नसो काखेत छत्री. तिकडे त्याची धान्याची पेढी होती. इकडे तो बराकीत राहायचा आणि एका कापडवाल्याच्या दुकानापुढे बाकडं टाकून तो दुकानदारांची विक्रीकराची पत्रकं लिहायचा. तीही वेळेवर भरणाऱ्यांची नाही. ती लिहायला वकील होते. ज्यांची तारीख टळली, ज्यांना नोटीस आली, ते याच्याकडे. बाजारात त्याला लेटवाले काका म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता.

माझी वीटभट्टी बदलापूरला, उल्हास नदीच्या अंगाला. आमची मूळ भाताची शेती. उल्हासनगरच्या कॅम्पातले निर्वासित पक्की घरं बांधायला लागले तेव्हा मी भट्टी घातली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण भट्टी कुणाला विचारून घातली नाही. पावसात भट्टी बंद. म्हणून पावसाळ्याच्या तिमाहीचं पत्रक मी भरलं नाही. विक्रीच नाही तर भरायचं काय? न जेवलेला माणूस खरकटं ताट धुतो का? दिवाळी झाली आणि नोटीस आली. पत्रक का नाही याचा खुलासा करा, नाहीतर विक्रीकराचा नोंदणी नंबर रद्द. माझ्या विटा घेणारा ठेकेदार सरळ म्हणाला की बिननंबराच्या माणसाचा माल मी घेणार नाही. म्हणजे नंबर गेला की हंगाम गेला आणि हंगामाच्या मागून भट्टी.

मी काकांना म्हटलं, लिहा शून्य आणि मोकळं करा मला.

"शून्य असेल तर शून्य लिखेगा. पण मैं देखके लिखेगा."

शून्य बघायचं काय असतं, मला कळेना. पण दुसऱ्या आठवड्यात तो खरंच बदलापूरला आला. स्टेशनापासून छत्री उघडून चालत. मग जे झालं ते मी आजही कुणाला सांगितलं की हसतात. वीट कशी होते हे बघायला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. वीट झाली नाही हे बघायला आलेला हा एकच.

त्याने माती काढलेल्या खड्ड्यात साचलेलं पाणी पाहिलं. राखेच्या ढिगावर उगवलेलं गवत छत्रीच्या टोकाने बाजूला केलं. विचारणं चालूच. तूस का घालता, दगडी कोळसा किती, पहिला पाऊस अचानक आला तर कच्च्या विटांचं काय? चिखल, म्हटलं. त्याला ते फार आवडलं. "माती का माती," असं स्वतःशीच म्हणाला. कर भरणाऱ्याला याचा उपयोग काय, असं मी विचारलं तर म्हणाला, काही नाही, पण विचारलं नाही तर झोप येत नाही.

मागच्या हंगामाच्या विटांची थप्पी पेंढ्याखाली झाकून ठेवली होती. तिथे तो थांबला. एका बाजूने थप्पी तुटलेली होती.

"ये कहाँ गया?"

मी म्हटलं, ते विकलेलं नाही. आषाढात मामाच्या विहिरीचा काठ ढासळला. मामा कात्रपला. गाडीभर विटा मी त्याला पोचवल्या.

"फुकट?"

फुकटच, म्हटलं. त्याने दोन गोणी तांदूळ पाठवले तेवढेच.

काका तिथेच एका विटेवर बसला. चष्मा काढून पुसला. म्हणाला, मग हे शून्य नाही, विटांच्या बदल्यात तांदूळ घेतले म्हणजे विक्री झाली.

आता मला राग आला. मी त्याला समजावलं की आमच्यात भाच्याचं फुकट घेत नाहीत. शंभर ब्राह्मण जेवू घातले नाहीत तरी चालेल, पण भाचा उपाशी जाता कामा नये, अशी रीत. मामाने तांदूळ पाठवले ते रीत म्हणून. ती किंमत नाही. सख्ख्या मामाला वीट विकली असं मी सरकारी कागदावर लिहून देणार नाही. नंबर गेला तर जाऊ दे.

हे त्याने इतकं लक्ष देऊन ऐकलं की माझाच आवाज खाली आला. आणखी विचारलं: मामाने तांदूळ दिले नसते तर? तर गावात त्याचं नाक गेलं असतं. आणि मी ते परत केले असते तर? तर माझ्या आईने मला घराबाहेर काढलं असतं. तो मान डोलवत राहिला. मग म्हणाला, "बहोत अच्छी रीत है. पण सरकारला मामा नसतो, साईं."

त्याने तोंड नदीकडे वळवलं. मी न विचारता त्याने सांगितलं. सगळं हिंदीत, मी माझ्या शब्दांत सांगतो. शिकारपूरला त्याचं दुमजली घर होतं. भरपाईसाठी तिकडे सुटलेल्या घरादाराचा दावा लिहून द्या, असं सरकारने इकडे सांगितलं तेव्हा कॅम्पातल्या सगळ्यांनी लिहून दिलं. याने नाही. घर सुटलं असं स्वतःच्या हाताने कसं लिहायचं? थोरला भाऊ अजून तिकडेच होता. भाऊ काय म्हणेल? मग भाऊ तिकडेच वारला. याने दावा लिहिला तेव्हा तारीख होऊन गेलेली. कचेरीच्या खिडकीतून कागद परत आला.

"घर आज भी खड़ा है. उधर मेरा नहीं, इधर कागज पे नहीं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तेरा मामा तो जिंदा है. उससे पूछ तो सकता है."

एवढं बोलून त्याने छत्री उघडली आणि स्टेशनाची वाट धरली. मी सोबत निघालो तर नको म्हणाला.

तुम्हाला घोर नको म्हणून आधीच सांगतो, माझा नंबर राहिला. दंड बसला. तो मला अजून मान्य नाही. मी चुकलो नव्हतो, सरकारची रीत आणि आमची रीत वेगळी होती, एवढंच. पुढे चार-पाच वर्षं माझी पत्रकं काकांनी लिहिली. पावसाळ्यातलं शून्य लिहायच्या आधी दर वेळी बदलापूरला चक्कर. मग एका दिवाळीला गेलो तर बाकडं नव्हतं. मुलीकडे अजमेरला गेले, असं कापडवाला म्हणाला. निरोप ठेवला नव्हता. ज्या माणसाने मला इतकं विचारलं, त्याला मी एकदाही विचारलं नाही की शिकारपूरच्या त्या घरापुढे काय होतं. विहीर होती का, झाड होतं का. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

पण त्या दिवशी तो छत्रीखाली दिसेनासा झाला, तेव्हा मला एवढंच वाटत होतं की हा माणूस मला मामापुढे खाली बघायला लावणार. रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच कात्रपला गेलो. मामा म्हशीला पेंड घालत होता. म्हटलं, मामा, त्या तांदळाचा भाव सांग.

"कनचे तांदूल?"

मी सगळं सांगितलं. मामाने घमेलं खाली ठेवलं. पुष्कळ बोलला, माझ्या बापापर्यंत गेला. मामी आतून बाहेर आली आणि बघून परत आत गेली. मी उठलो नाही. दम लागल्यावर मामाने भाव सांगितला, आणि तो बाजारापेक्षा चढा सांगितला. भाच्याचं स्वस्तात घेतलं, असं सरकारी कागदावर यायला नको.

मी तोच भाव घेऊन तसाच उल्हासनगरला गेलो.