शेजाऱ्याची सही

एप्रिल १९७४, रविवार. सांगलीतल्या आमच्या ओट्यावर आम्ही सहा घरमालक आणि आमचा शेजारी जमलो होतो. नगररचना योजनेत घरे आली म्हणून नगरपालिकेने प्रत्येकी सहाशे रुपये आकार लावला होता. तो भरल्याशिवाय बांधकामाला परवानगी नव्हती.

या आकाराविरुद्ध कोर्टात जायची कल्पना शेजाऱ्याचीच. हा गृहस्थ कुणाकडे चप्पल काढून बसत नसे; निघायची तयारी कायम. "आवं, पन्नास-पन्नास काढा. वकिलाचं मी बघतो."

आम्ही अर्जावर सह्या केल्या. त्याने पेन खिशाला लावले.

"तुमची सही?"

"मी मागं हायच की!"

त्याच्या घरावर दुसरा मजला चढत होता. "परवानगी मिळाली वाटतं?" मी विचारले.

"सहाशे भरलं आवं. तुमी जिंकला तर माझंबी परत मिळंल."

मी पन्नास रुपये दिले, पण दुसऱ्या दिवशी, वकिलांच्या हातात, पावती घेऊन.