बागेच्या जागी टाकी

पुंडलिकनगरात आमच्या घरासमोर महापालिकेची एक लहानशी बाग होती. लकव्यातून उठल्यावर वडील तिथंच पुन्हा चालायला शिकले. त्यामुळं त्या जागेवर पाण्याची टाकी होणार असं कळल्यावर मी विरोध करायचं ठरवलं. पालिकेचे साहेब कॉलनीत बैठकीला येणार होते. म्हाताऱ्या माणसाचं ऐकतील, म्हणून मी वडिलांना सोबत नेलं.

बैठकीत मी बरंच बोललो. मग वडील काठीवर भार देऊन उभे राहिले.

"टाकी बांधा," ते म्हणाले. "मला चालायला रस्ता हाय. टाकीला दुसरी जागा नाय."

परतताना मी चिडून विचारलं, "तुम्हाला बाग नको होती का?"

"लई पाहिजे होती. पण तुझी आई होती तोवर नळाचीच वाट बघत राहिली. माहेरी करमाडला गेली, तरी पाणी कधी सुटंल म्हणून मुक्काम करायची नाय."

आईनं हे आम्हा मुलांना कधी जाणवू दिलं नव्हतं.

टाकी झाली. आता पाण्यासाठी आठवडाभर थांबावं लागत नाही. वडील संध्याकाळी रस्त्याच्या कडेनं चालतात, आणि रिक्षा जवळून गेली की माझा दंड घट्ट धरतात. एकदा मी म्हणालो, "बाग राहायला पाहिजे होती."

"मलाबी वाटतं," ते म्हणाले. "म्हणून टाकी चुकली, असं नाय."