लोकर बाहेर, झेंडा आत

त्या हिवाळ्यात आळेफाट्याच्या बाजारात जीनची जाकिटं आली होती. पाठीवर अमेरिकेचा भलामोठा झेंडा आणि आतून पांढरी लोकर. टीव्हीतल्या हिरोसारखं दिसायला आम्ही कॉलेजच्या पोरांनी ती हौसेनं घेतली.

निमगावला आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला एक म्हातारा धनगर आला. त्याच्याही अंगात तेच जाकीट होतं, पण उलटं. लोकर बाहेर, झेंडा आत.

मी हसलो. "बाबा, जाकीट उलटं घातलंय तुमी."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "आतनं लोकर असल्यालं मेंढरू कुठं बघितलंय का, राव?"

आईविना राहिलेलं एक कोकरू खाली बसलेल्या म्हाताऱ्याच्या खांद्याला नाक घासत होतं. म्हाताऱ्यानं दिलेली दुधाची बाटली मी पुढं केली, तर ते माझ्या जाकिटाची जीन हुंगून मागं सरलं. भूक तर लागलेली होती बिचाऱ्याला.

मी गुपचूप जाकीट काढलं आणि उलटं करून घातलं. कोकरू आलं, छातीला बिलगलं आणि चुटूचुटू दूध प्यायलं.

ती लोकर नायलॉनची होती. म्हाताऱ्याला मी ते सांगितलं नाही. आणि कोकराला कोण सांगणार!