जोडव्यांचं माप

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हे मला सांगता येणार नाही. जोडव्यांची केस मात्र अजून वेगळी उभी राहते. माझी दूरदेशीची नातवंडं विचारतात, "आजी, तू कधी खुनी पकडलास का?" त्यांच्यासाठी हीच लिहून ठेवते. यात खून नाही, पण आमच्या अख्ख्या ठाण्याला एक दिवसभर तो दिसत होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात तेव्हा स्त्री सब-इन्स्पेक्टर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यांतली मी एक. मौद्याकडच्या एका खेड्यातल्या माणसाने तक्रार नोंदवली होती, की विधवा वहिनीला कोणीतरी फूस लावून नागपूरला पळवलं आणि घरचे चांदीचे तोडेही तिच्यासोबत गेले. तपासासाठी वर्णन आमच्याकडे आलं. तोड्यांचं वजन, पेचाची जागा, एकावर पडलेला खड्डा, सगळं नेमकं होतं. बाईबद्दल एवढंच, की वय अंदाजे पंचवीस ते तीस, रंग सावळा.

रिवाजाप्रमाणे आम्ही तोड्यांचं वर्णन सराफ्यात फिरवलं. तिसऱ्या दिवशी इतवारीतला एक म्हातारा सोनार स्वतःच ठाण्यात आला. फडक्यात बांधलेले तोडे त्याने माझ्या टेबलावर ठेवले. शेजारी दोऱ्याचे दोन तुकडे ठेवले, एक लाल, एक काळा.

"बाई, एक जण हे देऊन गेला. म्हणते, आटवा अन् यातून जोडवी घडवून द्या. साधी नाही, वरून बारीक दाण्याची ओळ पाहिजे. हे माप. उद्या येतो म्हणला नक्षी ठरवाले."

दुसऱ्या दिवशी साध्या वेशातल्या दोन हवालदारांनी त्याला दुकानातूनच आणलं. गांधीबागेत एका कापडदुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसणारा शिंपी, अंगाने काडी. बाई आपल्यासोबतच आली, हे त्याने लगेच कबूल केलं. ती कुठे आहे, ते मात्र सांगेना.

"काहून रे, विहिरीत टाकली का?" हवालदाराने विचारलं.

"जित्ती हाय जी. पण पत्ता सांगला, त तुमी तिले दिराच्या हवाली करान. मले आत टाका. पत्ता नाही सांगत."

दोन तास तेच उत्तर. इन्स्पेक्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हा खून आहे. जिवंत माणसाचा पत्ता एवढा कोणी लपवत नाही." मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मुद्देमालाच्या यादीत नोंद करायची म्हणून मी ते दोरे हातात घेतले. शिवणाचेच दोरे, प्रत्येकाला नेमक्या अंतरावर दोन घट्ट गाठी. डाव्या पायाचा लाल, उजव्याचा काळा. मी सहज विचारलं, "माप तू घेतलंस?"

मी त्याला शिवी दिली असावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"मी कसा पाय धरीन तिचा, बाई? लगन व्हायचं हाय अजून. दोरा देला अन् मी बाहेर जाऊन बसलो. तिनंच घेतलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ठाण्यात रोज खोटं ऐकणाऱ्या माणसांना एवढं कळतं, की असलं खोटं कोणी रचत नाही. मी त्याला सांगितलं, ती सज्ञान आहे, तिच्या मर्जीविरुद्ध तिला कोणाच्याही ताब्यात देता येत नाही. मी एकटी जाईन, साध्या लुगड्यात, आणि आधी तिलाच विचारीन. मग त्याने आपल्या आत्याच्या घरचा पत्ता दिला.

ती अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी कोण ते सांगितलं, तरी हात थांबले नाहीत.

"तुला इथे कोणी आणलं?"

"कोण आणते मले? मीच त्याले म्हटलं, चाल. त्याची हिंमतच होऊन नव्हती राहिली."

तिला घेऊन मी ठाण्यात आले, तेव्हा दीर येऊन बसला होता. घरची अब्रू, घरची चांदी, असं त्याचं चालू होतं. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, तोडे तुमच्या घरचे, त कोण्या सोनारानं घडवले ते सांगा साहेबाले." तो पुन्हा घरच्या अब्रूवरच आला. आम्ही बोलावून घेतलेल्या तिच्या वडिलांना मात्र गाव, सोनार, सगळं पाठ होतं. लग्नात त्यांनीच ते तिला घातले होते. त्यांच्या जबाबानंतर केस उरली नाही. कोर्टाने तोडे तिला परत दिले.

ते घेऊन ती पुन्हा त्याच सोनाराकडे गेली. मी सोनाराची एक सही राहिली होती म्हणून तिथे होते. त्याने तिला पाटावर बसवलं, स्वतः माप घेतलं आणि म्हणाला, "अशी घट्ट बसवतो, का जलमभर निघणार नाही."

"तशी नोको, बावा. निघाली पाहिजेत. मी घालीन, म्हणून राहतील."

सोनाराने शिंप्याकडे पाहिलं. शिंपी म्हणाला, "तिच्या मनासारखी करा जी."

आरोपी गप्प राहिला की तो गुन्हा लपवतो आहे, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. हा माणूस गुन्हा लपवत नव्हता. तो तिला आमच्यापासून लपवत होता. त्याला आमची एवढी भीती का वाटावी, हे मी साहेबांना विचारलं नाही, पण स्वतःला पुष्कळदा विचारलं. पुढे 'पळवलेल्या' बाईची केस आली, की मी सापडलेल्या बाईला आधी एकटीला भेटायची आणि मगच कागद पुढे ओढायची. सगळ्या काही हिच्यासारख्या नव्हत्या. काहींना खरोखरच पळवलं होतं. त्यांनीही ते सांगितलं, पण सोबत आलेल्या पुरुषांना बाहेर बसवल्यावर.